शुऐब अलैहिस्सलाम, मदयनवाले आणि माझ्या दुकानातले 12 ग्रॅम

खाडीपट्टा | शुक्रवार, रात्री 10.50

अस्सलामु अलैकुम, नमस्कार मंडळी.

अब्बांच्या वेळेपासूनचं आमचं किराणा दुकान आहे. आज जुम्म्याच्या बयानात मौलानांनी शुऐब अ.स. या नबींचा (पैगंबरांचा) किस्सा सांगितला. मदयन म्हणजे काफिल्यांच्या वाटेवरचं खातंपितं व्यापारी गाव, आणि तिथले लोक घेताना भरून घ्यायचे नि देताना दांडी मारायचे. नबींनी परोपरीनं समजावलं, त्यांनी चेष्टा केली आणि शेवटी जमीन हादरली. सगळे माना डोलवत होते, मीही डोलवत होतो. नमाजनंतर शटर वर केलं, पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "एक किलो साखर", आणि हात थांबला.

होलसेलवाल्याकडून साखरेचं 50 किलोचं पोतं येतं. मागे मी पाच पोती बारदान वजा करून तोलली होती, एकही पूर्ण भरलं नाही. सरासरी निघाली 49 किलो 400 ग्रॅम. त्याला विचारलं तर म्हणतो, "सगळ्यांना असंच येतं. घ्यायचं तर घे." म्हणजे पोत्यामागे 600 ग्रॅम तूट माझ्या अंगावर. अब्बा किलोची पुडी 988 ग्रॅमच्या आसपास बांधायचे, मीही तसंच करतो. यात कमाई काही नाही, वरून आलेली तूट तेवढी खाली भरून निघते.

हे मदयनवाल्यांत बसतं का? फतवा नकोय, आपलं काय मत ते सांगा.

चहाटळ | रात्री 11.02

बसतं. आता जमीन हादरायच्या आत मालकाला म्हणावं, उधारी वसूल करून घे.

बागवान_सोलापूर | रात्री 11.20

भाई, प्रश्न विचारलास हेच मोठं. मी फळबाजारात आहे. आमच्यात किलोमागे 100 ग्रॅम मारणारा "हुशार" आणि पुरा तोलणारा "नवीन आहे वाटतं". 12 ग्रॅमवर झोप उडालेला दुकानदार मी पहिल्यांदाच बघतोय.

पण खरं सांगू? तुला तूट आली तो तुझा आणि होलसेलवाल्याचा मामला. गिऱ्हाईकाचा त्यात काय संबंध?

तर्कट | रात्री 11.31

मी नास्तिक आहे, तरी विचारतो. वजनात मारलं म्हणून अख्खं गाव भूकंपात गाडायचं? मग आपल्याकडे किती तालुके शिल्लक राहिले असते?

ऊसाचं_कांडं | रात्री 11.48

तर्कट, लई बरोबर बोललासा! आमच्या पट्ट्यात कारखान्याच्या काट्यावर ट्रॉली चढली की शेतकऱ्याचा जीव वर. बाहेरच्या काट्यावर एक वजन, आतल्या काट्यावर दुसरं. काटामारीवर मोर्चे झाले, भाषणं झाली, गळीत हंगाम संपला की सगळे गप्प. भाजीपाला न्या मार्केटला, तिथं 'कडता' म्हणून किलो-दोन किलो आधीच कापणार. कशाचा विचारलं तर म्हणणार ओल्याचा, मातीचा. कोरडा माल नेला तरी कडता हायच.

ही नबींची गोष्ट मला ठाव नव्हती. देणाऱ्याकडून भरून घ्यायचं आणि घेणाऱ्याला कमी द्यायचं, ही ओळ खरंच कुराणात हाय का?

नूरआपा | शनिवार, सकाळी 7.15

कांडं, आहे. 83 व्या सूरहची (अध्यायाची) सुरुवातच ती आहे. सूरहचं नाव 'मुतफ्फिफीन'. लोकांकडून मापून घेताना पुरेपूर घेणारे आणि लोकांना मापून किंवा तोलून देताना घट करणारे, त्यांचा नाश असो, अशी पहिली वाक्यं.

खाडीपट्टा, तुझ्यासाठी यातला शब्दच बघ. तफ्सीरवाले (कुराणाचा अर्थ उलगडणारे) सांगतात की 'तफीफ' म्हणजे क्षुल्लक, किरकोळ. म्हणजे 'मुतफ्फिफ' हा पोतंच्या पोतं पळवणारा डाकू नव्हे. तो चिमूटभर मारणारा आहे, गिऱ्हाईकाच्या लक्षातही येणार नाही इतकं. बारा ग्रॅम.

आणि मदयनवाल्यांची नड नव्हती, हेही ध्यानात घे. सूरह हूदमध्ये (11:84) शुऐब अ.स. त्यांना म्हणतात, मी तुम्हाला खुशालीत बघतोय. पोट भरलेलं होतं तरी हात काट्यावरच होता.

माझे वालिद नाक्यावर लाकडाची वखार चालवायचे. मण तोलून झाला की वर एक ढलपी टाकायचे, कधी विसरले नाहीत. लहानपणी मला वाटायचं, हिशेब कच्चा असेल त्यांचा.

अरबीवाला_मुंब्रा | शनिवार, सकाळी 9.40

आपा, आदर आहे, पण किश्श्याचा गाभा तौहीद आहे. प्रत्येक नबीचा पहिला पैगाम एकच असतो, अल्लाहशिवाय कुणाची इबादत करू नका. मापाचं नंतर येतं. आजकाल बयानात गाभा सोडून धंद्याचं फार सांगतात. लोकांना वाटतं वजन पुरं दिलं की झालं, मग फज्र (पहाटेची नमाज) चुकली तरी हरकत नाही.

नूरआपा | सकाळी 10.05

नंतर म्हणजे किती नंतर, ते बघा ना. त्याच आयतीत (वचनात), त्याच दमात. तुमच्यासाठी त्याच्याशिवाय माबूद (उपास्य) नाही, आणि माप व वजन कमी करू नका. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही.

कौमचं (मदयनच्या लोकांचं) उत्तर तर माझ्या मते अख्ख्या किश्श्यातली सगळ्यात जिवंत जागा आहे (11:87). ते टोमणा मारतात: शुऐब, तुझी नमाज तुला हे सांगते का, की आमच्या बापजाद्यांचे माबूद आम्ही सोडावे आणि आमच्या मालाचं आम्हाला हवं ते करू नये? तूच काय तो मोठा शहाणा नि सालस! म्हणजे त्यांना नमाजचं वावडं नव्हतं हो. तू तुझ्या कोपऱ्यात पढ, आमच्या गल्ल्याकडे येऊ नकोस, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तर्कट | सकाळी 10.20

"माझा माल, माझी मर्जी." हे तर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज वाचतो. मदयनवाले फारच आधुनिक निघाले.

मशीनवाली | दुपारी 1.30

मी शिवणकाम करते. इथे सगळे वजनावर बोलताय म्हणून थोडं वेगळं लिहिते.

या किश्श्यात जिथे मापाचं येतं तिथे त्यानंतर एक वाक्य असतं, 'ला तब्खसुन्नास अश्याअहुम'. लोकांच्या वस्तूंची घट करू नका, त्यांना कमी लेखू नका. मी मराठी तर्जुमा वाचला तेव्हा इथेच थांबले, कारण यात तराजूच नाही. 'बख्स' म्हणजे समोरच्याच्या चीजेची किंमत पाडणं.

माझ्याकडे बाई येते, ब्लाउज घालून आरशात दहा मिनिटं वळून वळून बघते. फिटिंग आवडलंय हे चेहऱ्यावर दिसतं. पैसे द्यायची वेळ आली की म्हणते, "एवढे? दोन शिलाया तर मारल्यास. काजही आमच्या गल्लीतली याहून बारीक करते." मी अस्तर लावलं, मुंढा दोनदा उसवला, गळ्याची पायपिन हातानं घातली. तिला दिसत नाही असं नाही. दिसतं, म्हणून तर आधी नाव ठेवायचं आणि मग भाव पाडायचा.

हीच बाई भाजीवाल्यानं 50 ग्रॅम मारले तर बाजार डोक्यावर घेते. माझे अर्धा दिवसाचे 50 रुपये तिनं मारले, ते कुठल्या काट्यावर दिसायचे?

ऊसाचं_कांडं | दुपारी 1.52

ताई, दंडवत. व्यापारी आमच्या टोमॅटोच्या क्रेटमधला एकच टोमॅटो उचलतो, दोन बोटांत दाबतो आणि तोंड वाकडं करतो. त्या तोंडाचा भाव किलोला दोन रुपये.

बागवान_सोलापूर | दुपारी 2.10

कांडं, मी तोच व्यापारी 😅 तोंड वाकडं करायचं आम्हाला शिकवलं जातं. खोटं नाही बोलत. मामूनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "माल आवडला तर हसू नको."

बहन, तुमची पोस्ट मी बिवीला वाचून दाखवली. ती म्हणाली, तिच्या स्वयंपाकाचंही तुम्ही हेच करता.

चहाटळ | दुपारी 2.14

आणि इथे बागवानांच्या घरी जमीन हादरली.

काटेकोर | दुपारी 4.00

वैधमापन खात्यातून निवृत्त आहे. चहाटळपणा आवरला असेल तर चार कामाच्या गोष्टी.

इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी तपासून शिक्का घ्यावा लागतो. शिक्का नाही म्हणजे काटा खोटा असं नव्हे, पण शंकेला जागा. दुकानात शिरल्यावर आधी पाटी रिकामी असताना आकडा शून्य आहे का ते बघा. मिठाईवाला खोक्यासकट तोलत असेल तर थांबवा. खोक्याचं वजन पेढ्याच्या भावानं घेणं हा गुन्हा आहे. पेट्रोल पंपावर संशय आला तर 5 लिटरचं शिक्क्याचं माप मागा, ते ठेवणं त्यांना बंधनकारक आहे.

जुन्या तराजूच्या काळात पाटीखाली चिकटवलेलं मेण, पोकळ करून भरलेली वजनं, तागडीच्या दोरीला गाठ, सगळं पाहिलंय. एकाच्या गादीखालून वजनांचे दोन संच निघाले होते, घ्यायचे वेगळे आणि द्यायचे वेगळे. आपांनी सांगितलेली ती आयत वाचून त्याचीच गादी आठवली.

खाडीपट्टा, आता तुमचं. पिशवीबंद मालात एखाद्या नगाला थोडी कमीजास्त सूट कायदा देतो, सरासरी कमी भरण्याची सूट देत नाही. तुमची पाचही पोती कमी भरली तर होलसेलवाला दोषी. पण 988 ग्रॅमची पुडी किलो म्हणून विकलीत तर तुम्हीही दोषी. कायद्याला दोन्ही टोकं दिसतात.

वसईकर_डी | संध्याकाळी 6.25

थोडं विषयांतर. आमच्या बायबलमध्ये मिद्यानचा (तुमच्या मदयनचा) याजक इथ्रो आहे, मोशेचा सासरा. शुऐब म्हणजे तोच का? आमचा इथ्रो जावयाला फार शहाणा सल्ला देतो. सगळे तंटे एकटा सोडवत बसू नकोस, माणसं नेम, नाहीतर झिजून जाशील.

नूरआपा | संध्याकाळी 6.50

पुष्कळ लोक तसंच सांगतात, पण कुराणात त्या बुजुर्गांचं नाव नाही. मूसा अ.स. (तुमचा मोशे) मदयनच्या पाण्यावर पोचतात, दोन मुली जनावरं रोखून उभ्या असतात, ते पाणी पाजून देतात. मुलींचे वालिद बोलावून घेतात. आठ वर्षं काम कर, दहा केलीस तर तुझी मर्जी, असा निकाहचा करार होतो (सूरह 28). ते शुऐबच का, यावर आलिमांत (धर्माच्या जाणकारांत) दोन मतं आहेत. दुसऱ्या मताचे लोक म्हणतात, शुऐब आपल्या कौमला लूत (मूसांच्या फार आधीचे नबी) यांची कौम तुमच्यापासून दूर नाही असं सांगतात, म्हणजे त्यांचा जमाना मूसांच्या फार आधीचा असावा.

इथ्रोचा सल्ला मात्र आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पाठवते.

तबुकहून | रात्री 8.30

मी सौदीत ड्रायव्हर आहे, तबुक भागात. अल-बद्अ नावाच्या गावाजवळ 'मगाइर शुऐब' आहे, म्हणजे शुऐबच्या गुहा. डोंगरात कोरलेले दरवाजे, आत अंधाऱ्या खोल्या, पायाखाली भुसभुशीत वाळू. एका भारतीय कुटुंबाला घेऊन गेलो होतो. त्यांतले चाचा आत जाऊन रडले, हीच ती अजाबवाली (अल्लाहचा कोप झालेली) घरं म्हणून. पण कोरीव काम नबाती या जुन्या अरब लोकांच्या कबरींचं आहे, पुष्कळ नंतरचं. चाचांना मी काही बोललो नाही. रडणारा माणूस, त्याला काय इतिहास सांगायचा.

शुऐब अ.स. यांच्या नावाची ठिकाणं जॉर्डनमध्येही आहेत, गॅलिलीत हित्तीनजवळ द्रूझ या पंथाच्या लोकांचं मोठं जियारतचं (यात्रेचं) स्थान आहे, आणि यमनच्या सगळ्यात उंच डोंगराला तर नावच जबल अन-नबी शुऐब.

चहाटळ | रात्री 8.41

किश्श्यात ते मदयनवाले वाटावाटांवर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना धमकवायचे असंही आहे ना? म्हणजे टोलनाका. फास्टॅग होता का?

संपादक | रात्री 9.00

चहाटळ, धाग्यावर या. मूळ प्रश्न 12 ग्रॅमचा आहे.

अरबीवाला_मुंब्रा | रविवार, सकाळी 8.20

काल आपांचं उत्तर वाचून सूरह हूद परत काढली. कबूल करतो, दोन गोष्टी एकाच दमात आहेत. माझी चिंता वेगळी होती, ती राहू दे.

खाडीपट्टा, हदीसमधला (पैगंबरांच्या वचन-वर्तनाच्या नोंदींतला) एक वाकया तुझ्या कामाचा. रसूलुल्लाह (स.), म्हणजे पैगंबर मुहम्मद, बाजारातून जात होते. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला तर आत ओल लागली. विचारलं, हे काय? तो म्हणाला, पावसानं भिजलं. म्हणाले, मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं? जो फसवतो तो आमच्यातला नाही. सहीह मुस्लिम या हदीसच्या संग्रहात आहे. बघ, धान्य त्यानं भिजवलेलं नव्हतं, नुकसान वरूनच आलं होतं, अगदी तुझ्या पोत्यासारखं. ते भिजलं याबद्दल त्याला कुणी रागावलं नाही, लपवलं याबद्दल विचारलं.

मशीनवाली | सकाळी 8.45

अरबीवाला, हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर!

काटेकोर | सकाळी 9.10

हिशेब मांडतो. समजा पोतं 2200 ला पडलं, म्हणजे 44 चा भाव. हाती आली 49.4 किलो. 2200 भागिले 49.4 म्हणजे 44 रुपये 53 पैसे. भाव 53 पैशांनी चढवा आणि पुडी 1000 ग्रॅमची बांधा. तूट भरून निघेल, नफ्याचं तुमचं तुम्ही बघा. भाव पाटीवर दिसतो, परवडला नाही तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाईल. वजनातलं त्याला दिसत नाही.

तर्कट | सकाळी 9.25

म्हणजे तीन दिवस, चार देश आणि दोन धर्मग्रंथ फिरून आपण 53 पैशांवर आलो. मला आवडलं हे.

बागवान_सोलापूर | सकाळी 9.40

आणि हदीसमध्ये तोलणाऱ्याला 'तोल, आणि झुकतं तोल' असंही सांगितलंय. आपण मराठीत 'झुकतं माप' म्हणतो तेव्हा वशिला मनात असतो. इथे ते सरळ पाटीचं आहे, गिऱ्हाईकाकडची पाटी खाली गेली पाहिजे. कालपासून द्राक्षांवर एक घोस वर टाकतोय. शेजारचा गाळेवाला विचारतो, माल खपत नाही का?

खाडीपट्टा | पुढचा मंगळवार, रात्री 11.15

उशिरा आलो, माफ करा. सगळं दोनदा वाचलं.

काटा तपासून आणला, तो बरोबर निघाला. म्हणजे चूक काट्याची नव्हती, हाताची होती. पाटीवर साखरेचा भाव वाढवला, दोन गिऱ्हाइकं कुरकुरली, एक पुढच्या दुकानात गेलं. होलसेलवाल्याला सांगितलं की यापुढे पोती तुझ्यासमोर तोलीन आणि तुटीचे पैसे कापीन. म्हणाला, "अब्बा असं कधी बोलले नाहीत." या वाक्यानं मला दोन रात्री झोप लागली नाही. अब्बा वाईट माणूस नव्हते. त्यांचा हा हिशेब मी कसा मिटवू? अनोळखी गिऱ्हाइकांच्या वतीनं सदका (दानधर्म) करावा असं मौलाना म्हणाले, ते चालू केलंय. पण महिन्याच्या खातेवाल्यांची नावं तर वहीत आहेत. म्हणाले, जिथे नाव आहे तिथे हक्क हातात द्यायचा.

म्हणून वही काढली. आमच्या मागच्या आळीतली एक आजी. महिना 5 किलो साखर, माझ्या हातून सहा वर्षं. बारा ग्रॅम गुणिले पाच गुणिले बहात्तर. 4 किलो 320 ग्रॅम. कॅल्क्युलेटर तीनदा दाबला.

आज साडेचार किलो बांधून घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. आजी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. ऐकून घेतलं, पिशवी हातात धरून जोखली आणि म्हणाल्या, "तुझा बापूस पण असाच तोलायचा, मला काय ठाऊक नाय? सुटे पैसे नसले तर तो म्हणायचा राहू दे. तेवढ्यात फिटलं त्याचं." मग पिशवी परत माझ्या हातात दिली. "आणि साखर नको. डॉक्टरनं बंद केलीय. गूळ दे."

नूरआपा, साखरेच्या हक्कात गूळ चालेल का? गुळाचा भाव जास्त आहे.

नूरआपा | रात्री 11.40

हक्कदार राजी असेल तर चालेल, बेटा. साखरेची किंमत करून तेवढ्याचा गूळ दिलास तरी पुरे. तू साडेचार किलोच देणार, माहीत आहे मला.

काटेकोर | रात्री 11.52

गूळ ढेपेचा असेल तर गोणपाट काढून तोला.